बायकोचा दुभाष्या

कर्जतमध्ये अजून दोन-चार जुनी माणसं अशी आहेत, की मी रस्त्यात दिसलो की आपल्या सुनांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात, "बायकोचं दुखणं काढावं तर ते वकीलसाहेबांनी!" मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला डोंबलाचा! खरी हकिगत सांगायची छाती होत नाही म्हणून मान खाली जाते. आता मात्र सांगून टाकतो. ती जाऊनही बरीच वर्षं झाली, आणि या वयात माझं कोण काय वाकडं करणार आहे?

तेव्हा मी बेचाळिसाव्या वर्षात होतो. मूलबाळ नव्हतं, घरात आम्ही दोघंच. कर्जतहून पुढं घाट चढायला विजेचं इंजिन लागू लागलं त्याला वर्ष-दोन वर्षं झाली असतील. तालुक्याच्या कोर्टात माझी वकिली बरी चालायची. बोलणं हा माझा धंदाही होता आणि खोडही. इंग्रजी फर्डं. साहेब दौऱ्यावर आला की खालापूर, नेरळ, कुठंही मुक्काम असो, गावकऱ्यांची गाऱ्हाणी त्याला समजावून द्यायला मलाच बोलावणं यायचं. शिवाय मी सुधारक. आमच्या वाचनालयात विधवेच्या बांगड्या फोडायच्या चालीवर मी एकदा व्याख्यान ठोकलं होतं. "नवऱ्याचं आयुष्य काय काचेत भरून ठेवलेलं असतं?" असा सवाल करून टेबलावर अशी मूठ आपटली, की अध्यक्षांच्या पेल्यातलं पाणी सांडलं. टाळ्या बऱ्या पडल्या.

याच सुधारकाच्या ट्रंकेत, धोतरांच्या खाली, स्वतःची पत्रिका होती. आईच्या जोशीबुवांनी तिच्यावर लिहून ठेवलं होतं, बेचाळिसावं वर्ष जड. तरुणपणी मी ती चारचौघांत वाचून दाखवून हसवायचो. चाळिशी उलटल्यावर हसवणं बंद केलं. पत्रिका मात्र टाकली नाही.

तर त्या मार्गशीर्षात, मी कोर्टात जायच्या घाईनं जेवत होतो, आणि ती भात वाढता वाढता म्हणाली, "अहो, रागावणार नसाल तर एक सांगायचंय. डाव्या अंगाला, छातीवर, गाठ आलीय. दुखत नाही."

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून असेल."

मी पाटावरून ताडकन उठलो. चार महिने! शिकल्यासवरल्या माणसाच्या घरात चार महिने अंगावर काढतात? अक्कल आहे की नाही? असा मी पाऊण तास बोललो, कोर्टात उशीर झाला तोही तिच्याच माथी मारला. आणि एवढं बोलून केलं काय? तर दुसऱ्या दिवशी तिला बैलगाडीत घालून खालापूरला एका वैद्याकडे नेलं, कारण तो माझा अशील होता आणि त्याची केस मी जिंकून दिलेली होती. त्यानं महिनाभर कसलेसे लेप लावले. गाठ पेरूएवढी झाली. चार महिने लपवलं म्हणून बायकोवर ओरडणाऱ्या शहाण्यानं पाचवा महिना स्वतः घालवला. यावर मात्र मी कुणालाच ओरडलो नाही.

माघात तिला मुंबईला नेलं. तिथला सर्जन गोरा साहेब होता, कडक पण भला. त्यानं तपासून मला इंग्रजीत सांगितलं, कॅन्सर आहे, स्तन काढावा लागेल, काखेपर्यंत खरवडावं लागेल. मी तिला म्हटलं, "गाठ काढायचीय. छोटंसं काम आहे." ती म्हणाली, "छोटंसं काम सांगायला त्यांना एवढा वेळ लागला?" मी म्हटलं, इंग्रजी भाषाच तशी लांबण लावणारी. माझ्या दुभाषेपणाची सुरुवात ही अशी झाली.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या उतरवायला आली. हिरव्या काचेच्या, तीन. बायको हात पुढं करणार तेवढ्यात मी मध्ये पडलो. या बाईच्या धर्मभावनेचा प्रश्न आहे, आमच्या समाजात सवाष्णीचा हात बोडका ठेवत नाहीत, तुम्ही परके लोक हे समजून घेणार नाही, असं अस्खलित इंग्रजीत सुनावलं. नर्स बिचारी दबली. तिनं बांगड्यांवर पट्टी गुंडाळून दिली. मला वाटलं, बायकोला बरं वाटलं असेल. तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती खाटेवर पडून छताकडे बघत होती.

ऑपरेशन पार पडलं. त्यानंतर दोन महिने विजेचे शेक, म्हणजे क्ष-किरणांचे. आम्ही गिरगावात तिच्या भावाकडे राहून दिवसाआड जायचो. छातीची कातडी करपलेल्या भाकरीसारखी काळी झाली, मग सोलवटली. अन्न पोटात ठरेना. मी सेवा म्हणून तिच्या उशाशी बसून तिला वर्तमानपत्रातले अग्रलेख वाचून दाखवायचो. तिसऱ्या दिवशी ती क्षीण आवाजात म्हणाली, "आज शेक झालेत ना एकदा? मग पुरे."

वैशाखात घरी सोडलं. आणि इथंच ती गोष्ट घडली, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

निघायच्या दिवशी सर्जननं आम्हाला समोर बसवलं. तिचं डावं मनगट आपल्या हातात घेतलं, पेन्सिलीनं बांगड्यांवर टकटक केलं आणि मला म्हणाला, "काखेतल्या गाठी काढल्यामुळे हा हात पुढंमागं सुजणार, आणि ही सूज जन्मभर राहू शकते. या बांगड्या घरी पोचायच्या आत उतरवा. आज साबण लावून निघतील, नंतर निघणार नाहीत. या हातात पुन्हा काही घालायचं नाही. जड उचलायचं नाही, हात उशीवर उंच ठेवायचा. साधं खरचटलं तरी विष चढेल, जपा."

मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "जड उचलायचं नाही. हात उशीवर ठेवायचा. कापू-भाजू द्यायचं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच."

असं मी केलं. ज्यानं वाचनालयात टेबल आपटलं त्यानंच केलं. बेचाळिसावं सरायला सात महिने होते. मी मनाशी म्हटलं, सात महिन्यांनी सांगू, तोवर काय आभाळ कोसळतंय? कोर्टात तारीख वाढवून घेण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. खरं तर मी स्वतःलाही समजावून पाहिलं, की अरे गाढवा, उजव्या हातात आहेत ना बांगड्या, मग डावा मोकळा झाला तर बिघडलं कुठं? मुद्दा बिनतोड होता. पण खरोखरच तू मेलास तर अपील कुठं करशील, असा प्रश्न आतून यायचा आणि मी गप्प बसायचो.

म्हणूनच की काय, घरी आल्यावर मी सेवेला असा जुंपलो, की गाव चकित झालं. पाणी मी भरू लागलो. विहिरीवर मी दिसलो की बायका पदर सावरून लांब उभ्या राहायच्या. माझा पोहरा दर दुसऱ्या खेपेला विहिरीत राहायचा, मग गळ टाकून तो काढायला त्यांच्यातलीच कोणी पुढं व्हायची. डाव्या हातानं तिला वेणी घालता येईना, तर ती मी घालायला शिकलो. पहिल्या महिन्यात माझा अंबाडा दुपारपर्यंत टिकत नसे. "मुद्दा तुमचा भक्कम असतो," ती आरशात बघून म्हणायची, "गाठ मात्र सुटते." हात वर जावा म्हणून भिंतीवरून बोटं चालवत न्यायची, हा व्यायाम सर्जननं दिला होता. मी रोज कोळशानं भिंतीवर खूण करायचो, काल इथवर, आज इथवर. आज कालच्यापेक्षा खाली आली की मी चिडायचो. एकदा ती म्हणाली, "तुम्ही उचला की तुमचा, मी खुणा करते." काखेतली कातडी ताणून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी मागे कोळसा घेऊन उभा!

छातीची जागा सपाट झाली होती. तिनं सावरीच्या कापसाची एक लहानशी पिशवी शिवून चोळीच्या आत बसवली. मी कौतुकानं म्हटलं, "छान, कळतसुद्धा नाही!" ती म्हणाली, "मला कळतं ना."

ज्येष्ठ सरता सरता हात सुजू लागला. आधी कोपराच्या वर, मग खाली. सकाळी उतरायचा, संध्याकाळी भरायचा, पुढं उतरेनासाच झाला. बोटानं दाबलं की खळगा पडायचा तो बराच वेळ तसाच. बांगड्या आता मनगटावर फिरत नव्हत्या. मी त्या बघायचो, रोज बघायचो, आणि उशी आणखी उंच करून द्यायचो.

श्रावणात नेहमीचा कासार आला. ओटीवर पेटी उतरवून त्यानं तिचा डावा हात पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. "वहिनी, या वाढवायला झाल्या. रुतताहेत." आमच्याकडे बांगड्या फोडल्या असं म्हणत नाहीत, वाढवल्या म्हणतात. आणि नव्या भरेपर्यंत एक तरी जुनी हातात ठेवायची असा शिरस्ता. कासारानं पेटीतली सगळ्यात मोठी बांगडी काढून पाहिली, ती तिच्या मुठीवरूनही जाईना. "नवी बसायची नाही," तो म्हणाला, "पण तुम्ही म्हणाल तर या काढून देतो. काय वकीलसाहेब?"

ती माझ्याकडे बघत होती. कासार बघत होता.

"आज नको," मी म्हणालो. "आज अमावास्या आहे."

माझ्या तोंडून हे निघालं! अमावास्येलाच नवं काम सुरू करा, असं सांगणारी सभा मी मुद्दाम भरवली होती गावात. कासारानं माझ्याकडे असं पाहिलं, की पुढं बरेच दिवस मी त्याच्या दुकानावरून जायचं टाळायचो. त्यानं पेटी बंद केली. बायको त्याला नमस्कार करून आत गेली.

आश्विनात एका दुपारी मी कोर्टातून आलो तर ती पांघरुणात हुडहुडत होती. डावा हात बोटांपासून खांद्यापर्यंत लाल, तव्यासारखा तापलेला. मधल्या बांगडीखाली कातडी घासून चिरली होती आणि तिथून तांबडी रेघ वर चढत होती. मी धावत दवाखान्यात गेलो, डॉक्टर नेरळला गेलेले. धावत परत आलो. ओल्या पट्ट्या ठेवू लागलो. पट्ट्या कपाळाऐवजी तिच्या नाकावर पडत होत्या.

घाटाखालच्या कोंडाणे गावाच्या वर ठाकरांची वाडी आहे, तिथली एक ठाकरीण आठवड्यातून एकदा मोळी घेऊन यायची. बायकोची आणि तिची चांगली गट्टी होती. मोळी टाकून ती थेट आत आली, हात पाहिला, आणि म्हणाली, "धावरं हाय हे, अंगभर धावत सुटतं. आमच्या वाडीत मेली हायेत मानसं यानी. त्या बांगड्या काढ ना आदी, दादा! हात आवळलाय किती."

मी म्हटलं, "तिला चालायचं नाही गं. तिच्या मनाला लागेल."

पांघरुणातून आवाज आला. "मला चालतं. मला वैशाखापासून चालतंय."

मी पट्टी पुन्हा पाण्यात बुडवली.

"डॉक्टर बांगडीवर पेन्सिल आपटून बोलत होते," ती डोळे मिटूनच म्हणाली. "ते कळायला इंग्रजी कशाला लागतं? म्हटलं, घरी गेल्यावर सांगाल. नाही सांगितलंत. मग एकदा धोतरं उन्हात घालायला ट्रंक काढली, खाली पत्रिका दिसली, तेव्हा कळलं. मार्गशीर्ष संपेपर्यंत राहू देत म्हटलं. दोन-अडीच महिन्यांचा तर प्रश्न होता."

"अगं, पण तू बोलायचंस!"

"आणि मग तुम्ही दिवसभर स्वतःची नाडी बघत बसला असतात. पाणी कोणी भरलं असतं?"

ठाकरीण माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण एवढं कळलं की घाबरलेलं माणूस अंथरुणात नाही. "दे इकडं," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही, मीच. ओलं फडकं बांगडीखाली सारायला जागा नव्हती. पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला. पहिली फुटली. दुसरी फुटली. मधली मांसात रुतली होती, ती निघताना बायकोनं ओठ असा चावला की रक्त आलं. फडक्यात हिरवे तुकडे आणि रक्त.

ठाकरीण ते फडकं घेऊन बाहेर गेली. बायकोनं डोळे उघडले. अंगात ताप रसरसत होता, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बरे आहात ना?"

मी "हो" म्हणालो. आणि खोटं कशाला बोलू, म्हणायच्या आधी छातीवर हात ठेवून पाहिला होता.

अकरा दिवस ताप होता. त्या अकरा दिवसांत माझी पत्रिका काय, ग्रह काय, मला कशाचीही आठवण झाली नाही. ती राहते की जाते, एवढंच डोक्यात होतं. देवाला मी कधी मानलं नव्हतं, त्याच्याशीही घासाघीस केली. माझं उरलेलं आयुष्य घे म्हटलं. मागचे पाच महिने काय करत होतास, असं त्यानं विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

ती राहिली. हात मात्र गेला. म्हणजे होता, अंगाला होता, पण तांब्या धरवेना. बोटं मिटेनात. ती फार सुबक मोदक करायची, पातळ पारीचे, एकवीस कळ्यांचे. त्या वर्षापासून ते बंद झाले. बेचाळिसावं वर्ष सरलं, मला साधी सर्दीसुद्धा झाली नाही.

थंडी ओसरल्यावर तिला पुन्हा मुंबईला दाखवायला नेलं. गाडीत मी ठरवत होतो, आता एकही शब्द गाळायचा नाही, वाढवायचा नाही. तिलाही तसं सांगितलं. ती म्हणाली, "बघू."

सर्जननं छाती तपासली, समाधानानं मान हलवली. रोग परतला नव्हता. मी ते तिला सांगितलं, शब्दाला शब्द. मग त्यानं हात पाहिला. मनगटावर तीन वळ होते, मधला खोल, जांभळा. त्यानं त्यावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळला.

"बांगड्या वेळेवर काढल्या असत्या तर बोटं वाचली असती. मी तुम्हाला सांगितलं होतं. त्याच दिवशी काढा म्हटलं होतं. का काढल्या नाहीत?"

तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बोटं वाचली असती हेही. का काढल्या नाहीत हेही विचारलं, जणू मलाही ठाऊक नसावं.

ती सर्जनकडे बघत म्हणाली, "त्यांना म्हणावं, हे सांगत होते रोज. मीच ऐकलं नाही. अडाणी आहे, सवाष्णपणाचं वेड."

सर्जन वाट बघत होता. ती म्हणाली, "सांगा ना. शब्द गाळायचा नाही म्हणालात."

आणि मी सांगितलं. चांगल्या, शुद्ध इंग्रजीत सांगितलं, की मी रोज सांगत होतो, बाईनंच ऐकलं नाही. सर्जननं तिला चांगलं पाच मिनिटं फैलावर घेतलं. तुमच्यासारख्या बायकांच्या खुळचटपणामुळे आमची मेहनत फुकट जाते, असा बिचारा सुशिक्षित नवरा मिळाला त्याची तरी कदर करायची होती, असं पुष्कळ बोलला. ती खाली मान घालून ऐकत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होती, पुढचं वाक्य मराठीत यायची वाट बघत. मी एकेक वाक्य तिला सांगत गेलो. एकही गाळलं नाही.